समोर खाडी आणि आम्ही टँकर मोजतोय: डेटा सेंटरला समुद्राचं पाणी का चालत नाही?

नाईटशिफ्टवाला

ऐरोली-रबाळे पट्ट्यातल्या एका डेटा सेंटरमध्ये मी यूटिलिटी बघतो. चिलर, कूलिंग टॉवर, पंप, डीजी सेट सगळं आमच्याच गळ्यात. कंपनीचं नाव विचारू नका, नोकरी प्यारी आहे.

आमचा आयटी लोड, म्हणजे सर्व्हर खातात ती वीज, साधारण १२ मेगावॅट. वॉटर-कूल्ड चिलर (गार पाणी बनवणारी यंत्रं) आणि छतावर कूलिंग टॉवर, जो चिलरची उष्णता थोडं पाणी वाफ करून हवेत सोडतो. टॉवरमध्ये दर मेगावॅटमागे दिवसाला तीस-पस्तीस हजार लिटर पाणी नुसतं वाफ होऊन जातं, ब्लोडाऊन (क्षार साठू नयेत म्हणून सोडून दिलेलं पाणी) वेगळा. म्हणजे चार लाख लिटरच्या पुढेच. एमआयडीसीचं पाणी कमी झालं की टँकर. मे महिन्यात गेटवर रांग लागते आणि पहाटे तीन वाजता टँकरवाल्याशी हुज्जत घालणं हा माझा जॉब प्रोफाइल होतो.

त्याच छतावरून खाडी दिसते. हवा स्वच्छ असली तर दक्षिणेला ट्रॉम्ब्याच्या चिमण्यासुद्धा. ट्रॉम्बेचं औष्णिक केंद्र १९५६ पासून समुद्राच्या पाण्यावर थंड होतंय. बीएआरसीची सायरस अणुभट्टी १९६० ते २०१० चालली, तिचीही उष्णता शेवटी याच समुद्रात जायची. तिकडे फिनलंडमध्ये हामिना गावात गूगलचं डेटा सेंटर समुद्राच्या पाण्यावर चालतं. मग आम्हीच काय घोडं मारलंय?

साहेबांना विचारलं तर एका शब्दात उत्तर आलं: "गंजेल." टायटॅनियम मिळतं की बाजारात! खरं कारण काय आहे? कुणी प्रत्यक्ष खाऱ्या पाण्यावर काम केलं असेल तर सविस्तर लिहा. आकडे असतील तर उत्तम.

क्लाउडखाली

पाणी वर कशाला आणताय, सर्व्हरच खाली सोडा. :) मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांजवळ ३५ मीटर खोल ८६४ सर्व्हर एका सीलबंद नळकांड्यात घालून बुडवले होते. आत नायट्रोजन. २०२० मध्ये वर काढलं तेव्हा बिघाडाचं प्रमाण जमिनीवरच्या सर्व्हरच्या एक अष्टमांश निघालं.

नाईटशिफ्टवाला

@क्लाउडखाली, आणि हार्ड डिस्क बदलायला रात्रपाळीला पाणबुड्या नेमायचा? तो प्रकल्प त्यांनीच पुढे नेला नाही, २०२४ मध्ये तसं सांगूनही टाकलं. मला माझ्या छतावरच्या टॉवरचं बोला.

कंडेन्सरवाले

तुमच्या साहेबांचं उत्तर खोटं नाही, फक्त फार लवकर संपलं.

मी किनाऱ्यावरच्या एका औष्णिक केंद्रात कंडेन्सर (समुद्राच्या पाण्याच्या ट्यूबवर वाफेचं पाणी करणारं यंत्र) आणि सीडब्ल्यू, म्हणजे थंड करायच्या पाण्याच्या, पंपहाऊसच्या मेन्टेनन्सला होतो. हेल्पर म्हणून लागलो, फोरमन म्हणून रिटायर झालो. कुठलं केंद्र ते राहू द्या. आता पालघरकडे असतो.

आधी आकडे, कारण तुम्ही मागितलेत. तुमचे १२ मेगावॅट, वर कॉम्प्रेसरची उष्णता धरून १४ म्हणू. किनाऱ्यावरच्या नव्या औष्णिक केंद्रांना आपल्याकडे नियम असा आहे की सोडलेल्या पाण्यामुळे समुद्राचं तापमान ७ अंशांपेक्षा जास्त चढता कामा नये. तोच धरून चाललो तर एक मेगावॅट उष्णता वाहून न्यायला सेकंदाला ३५-३६ लिटर समुद्राचं पाणी लागतं. १४ मेगावॅटला सेकंदाला ५०० लिटर. दिवसाचे चार कोटी लिटरपेक्षा जास्त! टॉवरला तुम्ही दिवसाला चार लाख पाजता, त्याच्या शंभर पट पाणी उचलायचं, गाळायचं, फिरवायचं आणि परत सोडायचं. २५ मीटर हेड (पंपाने पाणी चढवायची उंची) धरलं तर पंपालाच दीडशे-पावणेदोनशे किलोवॅट लागतील. पॉवर प्लांटला हे काहीच नाही, आमचा एकेक सीडब्ल्यू पंप याच्या कितीतरी मोठा होता. तुमच्या बिल्डिंगला मात्र हा एक नवा कारखानाच.

आता ट्रॉम्बे का चालतं आणि तुमचं का अडतं ते बघा. टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ कंडेन्सरमध्ये व्हॅक्यूमखाली ४०-४५ अंशाला पाणी होते. तिच्या दृष्टीने ३० अंशांचा समुद्र थंडगार आहे. तुम्हाला सर्व्हर हॉलमध्ये हवा द्यायची १८ ते २७ अंशांच्या दरम्यान. मुंबईचा समुद्र जानेवारीत २४-२५ आणि मेमध्ये ३० च्या आसपास असतो. म्हणजे तुमच्यासाठी तो थंड नाहीच. चिलर चालवावाच लागणार, समुद्र फक्त चिलरच्या कंडेन्सरची उष्णता घेणार. आणि ते काम तुमचा टॉवर आत्ताही करतोच आहे.

मग टॉवर आणि समुद्र यांची तुलना करा. मे-जूनमध्ये मुंबईचं वेट बल्ब (ओल्या कापडातल्या थर्मामीटरचं तापमान, त्याच्या खाली टॉवर पाणी गार करू शकत नाही) २७-२८ पर्यंत जातं, टॉवर तुम्हाला ३१-३२ चं पाणी देतो. समुद्र देईल ३० चं. फरक दोन अंशांचा. त्यात खारं पाणी थेट चिलरमध्ये कोणी शहाणा माणूस घालत नाही, मध्ये टायटॅनियमचा प्लेट हीट एक्स्चेंजर बसवावा लागतो, आणि त्या दोन अंशांतला एक-दीड अंश तो प्लेटच खातो. थंडीत तर उलटंच होतं. जानेवारीच्या रात्री कोरड्या हवेत तुमचा टॉवर २२-२३ चं पाणी देत असेल (लॉगबुक बघा), समुद्र तेव्हा २४ च्या खाली क्वचितच जातो. म्हणजे विजेत बचत जवळजवळ शून्य. वाचतं ते फक्त गोडं पाणी. ते वाचवणं चांगलंच आहे, पण त्याची किंमत काय ते आता सांगतो.

गंजाची भीती लोकांना जास्त असते. आम्हाला भीती कालवांची आणि शिंपल्यांची. गंज हळू येतो, नोटीस देऊन येतो. शिंपल्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत, कुठल्याही जाळीतून आत जातात आणि इनटेकच्या, म्हणजे समुद्राचं पाणी आत घ्यायच्या वाटेच्या, काँक्रीटच्या भिंतीला चिकटून वाढतात. क्लोरीन मारला की शिंपला झाकण मिटून बसतो, क्लोरीन गेला की उघडतो. म्हणून डोस थोडा पण सतत ठेवावा लागतो, अधूनमधून शॉक डोस. क्लोरीन विकत आणायची गरज नसते, समुद्राच्याच पाण्यातून वीज सोडून हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, क्लोरीनचं द्रावण) जागच्या जागी बनवतात. पण तो सेल, त्यातून निघणारा हायड्रोजन, डोसिंग लाइन, हे सगळं सांभाळायला माणूस लागतो. आणि मेलेला शिंपला जिवंतापेक्षा वाईट. तो सुटतो, वाहत येतो आणि बरोबर ट्यूबच्या तोंडात अडकतो. शटडाऊनला वॉटर बॉक्स (ट्यूबच्या तोंडाशी असलेली पाण्याची पेटी) उघडला की पहिल्यांदा वास, मग घमेली भरभरून शिंपले. बाहेर नवीन आलेला पोरगा एकदा म्हणाला, काका हे शिजवता येतील का. त्याला आम्ही बाजूला घेऊन हायपोच्या टाकीवरची पाटी वाचायला लावली.

टायटॅनियमचं म्हणताय, तर त्याचीही एक गंमत आहे. टायटॅनियम समुद्रात गंजत नाही हे खरं. पूर्वीच्या क्युप्रोनिकेल (तांबं-निकेलचा मिश्रधातू) आणि अॅल्युमिनियम ब्रासच्या ट्यूबमधून तांब्याचा अंश सुटत राहतो, तो जिवांना विषारी, त्यामुळे त्यांच्यावर शेवाळ-शिंपले कमी बसतात. टायटॅनियम कुणालाच त्रास देत नाही, म्हणून सगळे तिथे सुखाने राहतात. त्यासाठी स्पंजचे गोळे सोडतात, ट्यूबच्या व्यासापेक्षा किंचित मोठे. ते पाण्याबरोबर ट्यूबमधून घासत जातात, पलीकडे जाळीत पकडून परत फिरवायचे. संध्याकाळी गोळे मोजायचे. कमी भरले तर कुठे गेले ते शोधायचं.

दुसरं म्हणजे टायटॅनियम स्वतः गंजत नाही पण शेजाऱ्याला गंजवतं. त्याला लागून पितळेची ट्यूब शीट (ट्यूबची तोंडं बसवलेली भोकांची प्लेट) किंवा लोखंडी वॉटर बॉक्स असेल तर त्याची झीज वाढते. मग रबर लायनिंग, एपॉक्सी, अॅनोड, कॅथोडिक प्रोटेक्शन (बारीक वीजप्रवाहाने गंज रोखणं). ते प्रोटेक्शन गरजेपेक्षा जास्त लावलं तर टायटॅनियममध्ये हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होतं. म्हणजे तिथेही हात आखडूनच. ३१६ स्टेनलेसचा मोह कोणी घातला तर ऐकू नका. वाहत्या पाण्यात काही काळ टिकतं, पण पंप बंद करून कोमट खारं पाणी आत तसंच ठेवलं की खड्डे पडतात.

आणि तुमच्या खाडीत सांडपाणी आहे. कुजक्या अंड्याचा वास येतो ना ओहोटीला? तो सल्फाइडचा. क्युप्रोनिकेल स्वच्छ समुद्रात वर्षानुवर्षं टिकेल, पण सल्फाइडवाल्या पाण्यात त्याची वाट लागते. म्हणजे स्वस्त धातू तुमच्या खाडीत बाद, महाग धातूवर शिंपले.

लीक झाल्यावर काय करायचो तेही सांगतो, कारण हे आता फारसं कुणी करत नसेल. कंडेन्सरची एक जरी ट्यूब फुटली तरी खारं पाणी बॉयलरच्या शुद्ध पाण्यात जातं. कंट्रोल रूममध्ये कंडक्टिव्हिटीचा, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचा, काटा चढायला लागतो. लोड कमी करून कंडेन्सरची एक बाजू रिकामी करायची, दुसऱ्या बाजूवर मशीन चालूच. मग आत शिरून ट्यूब शीटसमोर मेणबत्ती फिरवायची. आत व्हॅक्यूम असतो, त्यामुळे फुटक्या ट्यूबसमोर ज्योत आत ओढली जाते. तिथे खूण, दोन्ही तोंडांना प्लग, पुढची ट्यूब. आणि मशीन उतरवायची परवानगीच मिळत नसेल तर इनटेकमध्ये लाकडाचा भुसा सोडायचे. भुसा वाहत येऊन भोकात बसतो आणि सकाळपर्यंतची वेळ निघते. तुमच्या सर्व्हरवाल्यांना हे सांगू नका.

नाईटशिफ्टवाला

काका, __/\\__. आमच्या ओ अँड एम मॅन्युअलमध्ये यातलं काही नाही. लॉगबुक काढलं. जानेवारीत पहाटे चारला टॉवर बेसिनचं तापमान २२ च्या आसपासच दिसतंय, तुम्ही न बघता सांगितलंत.

पण एक शंका. आता जे नवे जीपीयू रॅक (एआयच्या चिपांची कपाटं) येतायत त्यांना हवेने थंड करतच नाहीत, चिपवर थेट पाण्याची प्लेट. म्युनिकजवळच्या सुपरएमयूसी महासंगणकात २०१२ पासून ४० अंशांच्या आसपासचं पाणी वापरून कूलिंग केलंय. नव्या रॅकचे उत्पादकसुद्धा ४० च्या पुढचं पाणी चालेल म्हणतात. तसं असेल तर ३० चा समुद्र थंडच झाला की! चिलर पूर्ण बंद.

कंडेन्सरवाले

प्रश्न बरोबर जागी नेलात. चिपला ४० चं पाणी चालत असेल तर ३० चा समुद्र उत्तम, आमच्या टर्बाइनसारखंच झालं. पण मग हवाही चालेल. मुंबईत पारा ३८ च्या वर वर्षातले मोजके दिवस जातो. ४५ चं पाणी चालणार असेल तर छतावर नुसते ड्राय कूलर ठेवा. मोटारीच्या रेडिएटरसारखं, पंखा आणि कॉइल. ना बाष्पीभवन, ना टँकर, ना शिंपला.

थोडक्यात तुमच्या इथे समुद्र दोन्हीकडून चेपला जातोय. सर्व्हरला गार हवं असेल तर समुद्र पुरेसा गार नाही. कोमट चालत असेल तर हवा पुरते. मधल्या पट्ट्यात, समजा ३३-३५ चं पाणी मागणारे रॅक असतील आणि छतावर ड्राय कूलरला जागाच नसेल, तर समुद्राचा विचार करा. ड्राय कूलर जागा फार खातात हे मात्र खरं, आणि तुमच्या पट्ट्यात जागेचा भाव मला माहीत आहे.

फ्योर्डकाठची

मी स्टॅव्हेंजरला असते (नॉर्वे, नवरा तेलक्षेत्रात, मी आयटीत). इथून जवळच रेनेसॉय बेटावर ग्रीन माउंटनचं डेटा सेंटर आहे. डोंगराच्या पोटात, पूर्वीचं नाटोचं दारूगोळ्याचं कोठार. फ्योर्डमधून साधारण १०० मीटर खोलीवरचं पाणी घेतात आणि ते बारा महिने ८ अंशांच्या जवळपास असतं. उन्हाळा-हिवाळा फरकच नाही. काकांनी लिहिलेलं वाचून कळलं की आमच्याकडे हे एवढं सोपं का वाटतं. इथे चिलरच लागत नाही.

बाहेरून बघाल तर डोंगर आणि पुढे पाणी, बाकी काही दिसत नाही. गाडी थांबवून फोटो काढावा असंही काही नाही.

मुंबईतही खोल समुद्रात थंड पाणी असेलच ना? तिथून पाइप टाकता येणार नाही का?

कंडेन्सरवाले

ताई, थंड पाणी आहे, पण दारात नाही. तुमच्या फ्योर्डचा काठ सरळ खाली उतरतो. मुंबईसमोरचा समुद्रतळ मैलोन्‌मैल सपाट आहे. बॉम्बे हाय किनाऱ्यापासून १६० किलोमीटरवर, आणि तिथे पाणी किती खोल? ७५ मीटरच्या आसपास. एवढ्या लांब जाऊनही तुमचे १०० मीटर मिळत नाहीत.

आपल्या देशात खोल पाण्याचं काम झालंय ते लक्षद्वीपला. कवरत्ती बेटावर २००५ पासून राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेचा प्लांट आहे, दिवसाला एक लाख लिटर गोडं पाणी करणारा. पृष्ठभागाचं २८ अंशांचं पाणी व्हॅक्यूममध्ये उकळवायचं आणि साधारण ३५० मीटर खोलीवरून उचललेल्या १२-१३ अंशांच्या पाण्याने ती वाफ थंड करायची. बेटाचा काठ इतका उभा आहे की पाइप किनाऱ्यापासून फार लांब न्यावा लागला नाही. माझ्या दृष्टीने तो कंडेन्सरच आहे, फक्त टर्बाइन नाही. पुढे अगत्ती आणि मिनिकॉयलाही असेच प्लांट झाले. तिथे डेटा सेंटर कोणी काढणार नाही, पण निसर्गाने जागा दिली तर काय होतं ते बघायला चांगलं.

डोलकरीण

मी इथे सहसा वाचते, लिहीत नाही. आमचं कोळी घर, बाबांची डोलीची बोट. आमच्या गावाजवळ एक प्लांट समुद्राचं पाणी घेतो. नाव घालत नाही.

काका, तुम्ही शिंपल्यांचा त्रास लिहिलात, आता आमच्या बाजूने ऐका. सात अंशांचा नियम कागदावर ठीक आहे. पण गरम पाणी हलकं असतं, ते वरच्या थरात पसरतं आणि वारा-भरतीप्रमाणे किनाऱ्याला लागून सरकतं. भांगाच्या दिवसांत, पाण्याला ओढ नसते तेव्हा, ते लांब जातच नाही. थंडीत त्या नाल्याच्या तोंडाशी बोय गोळा होते, पोरं गळ टाकून बसतात आणि प्लांटवाले सांगतात, बघा मासे वाढले. बोयीला चालतं म्हणजे सगळ्यांना चालतं असं नाही. बाबा बोंबलाला त्या बाजूला आता जात नाहीत.

गरम पाण्यापेक्षा मला इनटेकचं जास्त वाटतं. सेकंदाला ५०० लिटर म्हणालात, त्यात माशाची अंडी, कोळंबीची पिल्लं असतात. तुमच्या शिंपल्याची पिल्लं जाळीतून जातात तशी तीही जातात. आत गेल्यावर पंप, उष्णता, क्लोरीन. बाहेर येतं त्यातलं बरंचसं जिवंत नसतं. जैतापूरला साखरी नाट्याचे मच्छीमार उगाच नाही विरोध करत. तिथे १६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या आखल्यात, १४ मेगावॅट नाही.

आणि ऐरोलीच्या समोर कुठली खाडी आहे ते तरी बघा. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य आहे ते, २०१५ पासून. २०२२ मध्ये रामसर यादीत गेलं. तिवरं तोडायला परवानगी मागणार, पक्ष्यांच्या चिखलात पाइप पुरणार, आणि कशासाठी, तर टँकर नको म्हणून?

कंडेन्सरवाले

बाय, तू लिहिलंस ते खरं आहे. आमच्या स्क्रीनवर रोज काय अडकायचं ते मी बघितलंय. फिरत्या जाळ्या असतात, वर येताना पाण्याच्या फवाऱ्याने धुवायच्या. मासे वेगळ्या पन्हळीतून परत समुद्रात सोडायची सोय काही ठिकाणी असते. आमच्याकडे सगळं एकाच टोपलीत जायचं: मासे, प्लास्टिकच्या पिशव्या, तिवरांची पानं, गणपतीनंतर आठवडाभर निर्माल्य. अंड्यांबद्दल त्या काळी आमच्याकडे कुणी बोलायचंही नाही.

समुद्र त्याचा हिशेब कधी कधी करतो. स्वीडनमध्ये ओस्कारशामचा मोठा रिअॅक्टर २०१३ मध्ये जेलीफिशच्या थव्याने बंद पाडला. फ्रान्सच्या ग्रावलीनला ऑगस्ट २०२५ मध्ये रातोरात चार रिअॅक्टर आपोआप ट्रिप झाले, कारण पंपहाऊसच्या जाळ्या जेलीफिशने भरल्या. पॉवर प्लांट ट्रिप झाला तर ग्रिड सांभाळून घेतं. डेटा सेंटरला ट्रिप होऊन कसं चालेल? म्हणजे समुद्राची सिस्टिम टाकूनही टॉवर किंवा एअर-कूल्ड चिलर राखीव ठेवावेच लागणार. खर्च दुप्पट. हे सुरुवातीला लिहायला हवं होतं तितकं महत्त्वाचं आहे.

खाडीचा मुद्दा तर निकालीच निघाला. पक्षी बाजूला ठेवले तरी उधाणाच्या ओहोटीला तिथे चिखल उघडा पडतो. पंपाला पाणी द्यायचं तर मधल्या खोल धारेपर्यंत चर खणावा लागेल, आणि पावसाळ्यात तो पुन्हा भरेल.

नाईटशिफ्टवाला

डोलकरीण ताई, अभयारण्याची पाटी रोज बसमधून बघतो, पण ती आणि माझा पाइप एकाच नकाशावर कधी ठेवले नव्हते. पटलं.

काका, मग हामिना कसं जमलं? तिथेही परवानग्या असतीलच.

कंडेन्सरवाले

तिथे गूगलने बोगदा खणला नाही, विकत घेतला. त्या जागी जुनी कागद गिरणी होती, ती २००८ मध्ये बंद पडली. गूगलने २००९ मध्ये जागा घेतली, २०११ मध्ये डेटा सेंटर सुरू. गिरणीसाठी ग्रॅनाइटमधून खणलेला समुद्राच्या पाण्याचा बोगदा आयता मिळाला. परत सोडताना त्यात ताजं समुद्राचं पाणी मिसळून तापमान खाली आणतात, मग सोडतात. ताईंच्या रेनेसॉयला कोठार आयतं. पोर्तुगालमध्ये सिनेस बंदरावर कोळशाचा प्लांट २०२१ च्या जानेवारीत बंद झाला, त्याच्या शेजारी उभं राहणारं डेटा सेंटर त्याच प्लांटची समुद्राच्या पाण्याची जुनी व्यवस्था वापरायचं म्हणतंय. माझ्या पाहण्यात समुद्रावर चालणारी बहुतेक डेटा सेंटरं अशी दुसऱ्याच्या खणलेल्या भोकावर बसलीत. इनटेक बांधणं हाच खरा खर्च, लोखंड-टायटॅनियम नंतर.

त्यामुळे आपल्याकडे कधी हे व्हायचं असेल तर ते किनाऱ्यावरच्या जुन्या औष्णिक केंद्राच्या जागी होईल. कोळसा बंद झाला की भंगारवाले टर्बाइन बघायला येतात, इनटेककडे कुणी बघत नाही. चॅनेल आहे, पंपहाऊस आहे, सबस्टेशन दारात आहे. पाणीही पूर्वीच्या कितीतरी कमी लागेल, म्हणजे या बायच्या गावालाही त्यातल्या त्यात बरं. ती तरीही भांडेल, आणि भांडावं.

डोलकरीण

भांडणारच. :) पण जुन्याच चॅनेलमधून कमी पाणी घेणार असतील, आणि मासे परत सोडायची पन्हळ लावून देणार असतील, तर निदान बसून बोलता येईल.

नाईटशिफ्टवाला

म्हणजे माझं काय? टँकरच?

कंडेन्सरवाले

नाही. तुमच्या महापालिकेचं ऐरोली आणि कोपरखैरण्याला सांडपाण्यावर तिसऱ्या टप्प्याची प्रक्रिया होते, ते पाणी एमआयडीसीतल्या कारखान्यांना देण्यासाठीच आहे. टॉवरला ते चालतं. तुमच्या साहेबांना त्याची लाइन मागायला सांगा.

घेण्याआधी रिपोर्ट मागवा आणि तीन गोष्टी बघा. अमोनिया, कारण चिलरच्या ट्यूब तांब्याच्या असतात आणि अमोनिया तांबं खातो. फॉस्फेट, कारण त्याची पापुद्र्यासारखी खपली बसते. तिसरं क्लोराइड. खाडीकाठच्या जुन्या गटार लाइनमध्ये भरतीचं पाणी झिरपतं, त्यामुळे उधाणाच्या दिवसांत प्रक्रिया केलेल्या पाण्यातही मीठ वाढलेलं सापडू शकतं. म्हणून नमुना एकदाच घेऊ नका. एक अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास घ्या, एक अष्टमीच्या भांगाला. दोन्हींत फरक फार असेल तर टॉवरचे सायकल (सोडून देण्याआधी पाण्यातले क्षार किती पट वाढू द्यायचे ते) त्या दिवसांत कमी ठेवावे लागतील, आणि केमिकलवाल्याला ते आधीच सांगून ठेवा.

नाईटशिफ्टवाला

नोंद केली. येत्या पौर्णिमेला माझी रात्रपाळीच आहे, नमुन्याच्या बाटल्या मागवतो. दोन्ही रिपोर्ट आले की आकडे इथेच टाकतो.